अकरा जणांत चौघे

युवा विकासाचा उपक्रम म्हणजे अभ्यासक्रमाबाहेर, पण काही शिस्तीने, तरुणांना एकत्र आणून त्यांच्यात आत्मविश्वास, कामाची हातोटी आणि दुसऱ्याबरोबर निभावून नेण्याची सवय रुजवण्याचा प्रयत्न. शिबिर, खेळाचा संघ, कलापथक, रोजगाराचे प्रशिक्षण, वस्तीतला संध्याकाळचा गट अशी त्याची रूपे असतात. २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणाने १५ ते २९ हे तरुणाईचे वय मानले. प्रत्यक्षात कामाला दहा-बारा वर्षांच्या मुलांपासूनच सुरुवात करावी लागते. अशा उपक्रमात सर्व जाती-धर्मांच्या, भाषांच्या, लिंगांच्या, अपंग आणि धडधाकट अशा सगळ्या तरुणांना जागा हवी, हे तत्त्व आज उघडपणे कोणी नाकारत नाही. नकार असतो तो तपशिलात. सत्राची वेळ, सभागृहाच्या पायऱ्या, प्रवेशअर्जातला एखादा रकाना, सूचना देण्याची भाषा आणि संघ पाडण्याची रीत यांतून माणसे गळत जातात, आणि गळलेल्यांची नोंद कुठेच होत नाही. बंगळूर शहराला या कामाचा शंभर वर्षांहून जुना अनुभव आहे. तो पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. आपुलकीने ‘या’ म्हणणारे पुष्कळ झाले, पण वगळलेला तरुण टिकला तो त्याच्यावाचून खेळच सुरू होऊ नये असा नियम जिथे झाला तिथे.

भारतातल्या संघटित युवाकार्याचा एक आरंभ बंगळूरातच झाला, आणि तो दार बंद ठेवूनच झाला. १९०९ साली कॅप्टन टी. एच. बेकर यांनी येथे स्काउट पथक काढले आणि लंडनच्या मुख्यालयात त्याची नोंदणी केली. पुढच्या दोन वर्षांत खडकी, सिमला, मद्रास, जबलपूर, लोणावळा येथेही पथके निघाली. ही सगळी पथके युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होती. स्काउटचा नियम जगातल्या प्रत्येक स्काउटला भाऊ मानायला सांगतो. कँटोन्मेंटच्या पलीकडे पेठेत राहणारा मुलगा मात्र त्या भावकीत बसत नव्हता. त्यावर उत्तर म्हणून ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी मद्रासेत, मदनमोहन मालवीय यांनी उत्तरेत सेवा समितीच्या नावाने भारतीय मुलांची वेगळी पथके उभारली. १९२१ मध्ये स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल भारतात आले तेव्हा यांतल्या काही संघटना एकत्र झाल्या, काही बाहेरच राहिल्या. ‘भारत स्काउट्स अँड गाइड्स’ ही एकच संघटना व्हायला १९५० उजाडावे लागले. म्हणजे तत्त्व पहिल्या दिवसापासून सर्वांसाठी होते, आणि ते नियमात उतरायला चार दशके लागली.

बेडन-पॉवेल आले त्याच सुमारास कर्नाटकात दुसरा प्रवाह सुरू झाला. टिळकांच्या प्रभावात घडलेले हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी १९२३ मध्ये हिंदुस्थानी सेवा दल स्थापन केले. बंगळूरात १९२९ साली जन्मलेले एस. एन. सुब्बाराव हे त्याच परंपरेतले. शाळकरी वयात ‘चले जाव’ लिहिताना पकडला गेलेला हा मुलगा पुढे ‘भाईजी’ म्हणून देशभर ओळखला गेला. १९७० मध्ये त्यांनी राष्ट्रीय युवा योजना सुरू केली आणि २०२१ मध्ये निधन होईपर्यंत राष्ट्रीय एकात्मतेची शिबिरे घेतली. चंबळच्या खोऱ्यातल्या जौरा येथील त्यांच्या आश्रमात १९७२ मध्ये डाकूंनी शस्त्रे ठेवली. त्या प्रसंगामुळे त्यांचे नाव मोठे झाले खरे, पण युवाकार्याच्या दृष्टीने त्यांची शिबिराची घडण अधिक महत्त्वाची आहे. सकाळी श्रमदान, दुपारी एकमेकांच्या भाषेचा वर्ग, संध्याकाळी सर्वधर्म प्रार्थना आणि शेवटी ‘भारत की संतान’ हा अनेक भाषांतल्या गाण्यांचा कार्यक्रम. साने गुरुजींची आंतरभारती आणि राष्ट्र सेवा दलाची कलापथके माहीत असलेल्या मराठी वाचकाला यात काहीच परके वाटणार नाही.

या घडणीची ताकद भाषावर्गात होती. ज्याला दुसऱ्याची भाषा येत नाही तो शिबिरात आपोआप विद्यार्थी होतो, आणि एरवी मागच्या रांगेत बसणारा ओडिया किंवा मणिपुरी मुलगा तासभरासाठी शिक्षक होतो. मोठेपणाची अदलाबदल वेळापत्रकातच लिहिलेली असते. मर्यादाही उघड आहे. शिबिर थोड्या दिवसांचे असते, आणि तिथे येतो तो घरचे काम सोडून येऊ शकणारा. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) तर शिक्षणसंस्थेत नाव असलेल्यांसाठीच आहे. ज्याचे कॉलेज सुटले त्याची एनएसएसही सुटली. अशा तरुणांसाठी १९७२ पासून नेहरू युवा केंद्रे निघाली, पण त्यांचा भर ग्रामीण भागावर राहिला. महानगरातल्या झोपडवस्तीत राहणारा, शाळा सोडलेला तरुण या दोन्ही योजनांच्या मधल्या फटीत राहतो. बंगळूरातल्या स्वयंसेवी संस्थांचे बरेचसे काम त्या फटीतच उभे राहिले आहे.

शहराची ठेवणही लक्षात घ्यावी लागते. कन्नड मातृभाषा असलेले लोक येथे निम्म्याहून कमी आहेत. बाकी तमिळ, तेलुगू, दखनी उर्दू, हिंदी, मल्याळम आणि मराठी. शहाजीराजांच्या जहागिरीपासून इथे वसलेली आणि घरात वेगळ्याच वळणाचे मराठी बोलणारी कुटुंबे आहेत, तशीच परवा पुण्याहून नोकरीसाठी आलेली मंडळीही आहेत. त्यात यादगीर-रायचूरहून बांधकामावर आलेले मजूर, ओडिशा-झारखंडहून कापड कारखान्यांत आलेल्या मुली, ईशान्येकडून हॉटेल, सुरक्षारक्षक आणि ब्यूटी पार्लरच्या कामाला आलेले तरुण. ऑगस्ट २०१२ मध्ये हल्ल्यांच्या अफवा मोबाइलवरून पसरल्या आणि ईशान्येकडचे हजारो तरुण दोन-तीन दिवसांत गुवाहाटीच्या गाड्या पकडून निघून गेले. सरकारला एकगठ्ठा एसएमएसवर बंदी घालावी लागली. तोवर हे तरुण शहरात दिसत होते, पण कोणत्याही मंडळाच्या, संघाच्या किंवा गटाच्या यादीत ते क्वचितच होते. शेजारी म्हणून ओळखणारा, ‘थांब, काही होणार नाही’ असे सांगणारा माणूस नसणे हे त्या पळापळीमागचे एक कारण होते, असे म्हणणे वावगे ठरू नये.

अपंग तरुणांच्या बाबतीत बंगळूरचा अनुभव सर्वांत दाट आहे. एन. एस. हेमा या स्वतः चाकाची खुर्ची वापरणाऱ्या तरुणीने काही सहकाऱ्यांसह १९५९ मध्ये ‘असोसिएशन ऑफ पीपल विथ डिसॅबिलिटी’ सुरू केली. संस्थेची धुरा अपंग व्यक्तीच्याच हाती असणे हे त्या काळात दुर्मिळ होते. लिंगराजपुरम येथील या संस्थेने शाळा आणि कारखानी प्रशिक्षणाबरोबर बागकामाचेही प्रशिक्षण दिले. उद्यानांच्या या शहरात माळीकामाला मागणी होती, आणि रोपवाटिकेतली बरीच कामे बसून करता येतात. शांती राघवन आणि दीपेश सुतारिया यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘एनेबल इंडिया’ने हाच विचार संगणकाच्या काळात पुढे नेला. एखाद्या नोकरीची बारीक फोड करायची, तिच्यातला कोणता भाग खरोखर डोळ्यांवाचून अडतो ते पाहायचे, आणि तेवढ्याच भागासाठी पडदावाचक किंवा अन्य सोय शोधायची. अशी फोड केली की अडणारा भाग सहसा वाटला होता त्याहून फार लहान निघतो.

तरीही समावेशाचा सर्वांत शिकवणारा नमुना प्रशिक्षणवर्गात सापडत नाही, तो मैदानावर सापडतो. महांतेश किवडसण्णवर आणि एस. पी. नागेश या दोन दृष्टिहीन मित्रांनी १९९७ मध्ये बंगळूरात ‘समर्थनम ट्रस्ट’ स्थापन केला. संस्थेच्या पुढाकाराने दृष्टिहीनांच्या क्रिकेटची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि डिसेंबर २०१२ मध्ये दृष्टिहीनांचा पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक बंगळूरात झाला. शेखर नाईक या शिवमोग्याकडच्या कर्णधाराच्या संघाने अंतिम सामन्यात पाकिस्तानला हरवले. फेब्रुवारी २०१७ मध्ये चिन्नास्वामी स्टेडियमवर पुन्हा पाकिस्तानवर नऊ गडी राखून विजय मिळाला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याच मैदानावर बांगलादेशवर १२० धावांनी. विजयांच्या बातम्या झाल्या. नियमांकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही, आणि खरी गोष्ट तिथे आहे.

या क्रिकेटमध्ये खेळाडूंचे तीन वर्ग असतात. बी-१ पूर्ण दृष्टिहीन, बी-२ अंधूक पाहणारे, बी-३ त्यांच्याहून थोडे अधिक पाहणारे. अकरा जणांच्या संघात किमान चार खेळाडू बी-१ असलेच पाहिजेत. आता एवढाच नियम केला असता तर काय झाले असते, हे कोणत्याही गल्ली क्रिकेट खेळलेल्या माणसाला कळेल. चौघांना सीमारेषेच्या कडेला उभे करायचे, फलंदाजीला शेवटी पाठवायचे आणि खेळ बाकी सात जणांनी खेळायचा. ही पळवाट पुढचे नियम बुजवतात. बी-१ फलंदाजाने काढलेली प्रत्येक धाव दुप्पट मोजली जाते. बी-१ क्षेत्ररक्षकाने एक टप्पा पडल्यावर पकडलेला चेंडूही झेल ठरतो. धावायला त्याला जोडीदार मिळतो. आता कर्णधाराला पूर्ण दृष्टिहीन फलंदाज वर पाठवण्यात स्वार्थ दिसू लागतो. त्याच्यावर मेहनत घ्यावीशी वाटते. दयेने दिलेली जागा पहिल्या अटीतटीच्या सामन्यात जाते. ही जागा अटीतटीच्या सामन्यातच अधिक मोलाची होते.

चेंडूही तसाच घडवलेला. कडक प्लॅस्टिकचा आणि आत छर्रे भरलेला, म्हणजे तो आवाज करत येतो. गोलंदाजी खालून टाकायची, आणि खेळपट्टीच्या मध्यापूर्वी टप्पा पडलाच पाहिजे. टाकण्याआधी गोलंदाज ‘रेडी?’ विचारतो, फलंदाज ‘येस’ म्हणतो, मग ‘प्ले’. जमिनीलगत खडखडत येणारा चेंडू मारायला गुडघ्यावर बसून स्वीप हाच राजाफटका ठरतो. प्रेक्षकांनी चेंडू पडेपर्यंत गप्प राहायचे असते. भारतीय प्रेक्षकाला हा नियम सर्वांत जड जात असावा. क्रिकेट सोपे केलेले नाही. त्यातले चापल्य, डाव आणि चुरस तशीच ठेवून ते कानाने खेळता यावे अशी त्याची फेरमांडणी केली आहे. एरवीच्या क्रीडाशिबिरात दृष्टिहीन मुलाला टाळ्या वाजवायला बसवतात, चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला पंच करतात किंवा गुण लिहायला देतात. छायाचित्रात तेही समावेशासारखेच दिसते.

हाच धडा मुलामुलींच्या एकत्र खेळाला लागू पडतो. बंगळूरातही खेळल्या जाणाऱ्या अल्टिमेट या फ्रिस्बीच्या खेळात मिश्र प्रकारात सात जणांचे वाटप चार आणि तीन असे ठरलेले असते, आणि पंच नसतो. वाद खेळाडूंनीच बोलून सोडवायचे. तीन मुली मैदानात नसतील तर संघ पुरा होत नाही. मग मुलींना सरावाला कोण आणणार, कोण घरी सोडणार, याची काळजी मुलांनाही करावी लागते. फुटबॉलसारख्या खेळात ‘मुलींनाही घ्या’ एवढेच सांगितले की मुली मैदानावर असतात आणि चेंडू त्यांच्याकडे येत नाही. काही प्रशिक्षक मुलीने केलेला गोलच पहिला धरतात किंवा मुलीकडे पास गेल्याशिवाय गोल मोजत नाहीत. सुरुवातीला मुलगे कुरकुरतात. पण मुलीही अशा सवलतीला कंटाळतात, हेही खरे, आणि म्हणून हा नियम कधी काढून घ्यायचा हे प्रशिक्षकाला ओळखता यावे लागते.

मुली गळतात त्या बहुधा मैदानाच्या आधीच. संध्याकाळी सहानंतरचे सत्र, कुलूपबंद स्वच्छतागृह, पाळीच्या दिवसांत कपडे बदलायला आडोसा नसणे, लहान भावंडाला सांभाळण्याची जबाबदारी. बसभाडे हेही एक कारण होते. जून २०२३ मध्ये कर्नाटक सरकारने ‘शक्ती’ योजनेतून महिलांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास दिल्यावर मुलींसाठी ते कारण बरेचसे गेले. परंतु ही सवलत राज्यातल्या रहिवाशांसाठी आहे. आधार कार्डावर झारखंडचा पत्ता असलेल्या कामगार मुलीला तिकीट काढावेच लागते. ज्या कार्यकर्त्याला हे ठाऊक असते तो प्रवासखर्चाचा रकाना अंदाजपत्रकातून खोडत नाही.

पोशाख हाही नियमच. फेब्रुवारी २०२२ मध्ये कर्नाटक सरकारने कॉलेजच्या गणवेशाबाबत, म्हणजे मुख्यतः हिजाबबाबत, आदेश काढला, मार्चमध्ये उच्च न्यायालयाने तो उचलून धरला, आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांची मते दोन दिशांना गेली. दरम्यान काही मुस्लिम मुलींनी कॉलेज बदलले, काहींचे शिक्षण थांबले. त्या वादाचा निवाडा युवा उपक्रमाच्या हातात नसतो. आपल्या जर्सीचा नियम मात्र असतो. फिफाने २०१४ मध्ये आणि जागतिक बास्केटबॉल संघटनेने २०१७ मध्ये डोके झाकून खेळायला परवानगी दिली. वस्तीतल्या संघाने त्याहून कडक राहण्याचे काही कारण दिसत नाही.

दृष्टिहीन मुलींच्या वाटेत या सगळ्या अडचणी एकावर एक रचलेल्या असतात: अंधत्व, मुलगीपण, बहुतेकदा खेड्यातली गरिबी. त्यामुळे महिलांचे संघ पुरुषांच्या कितीतरी नंतर उभे राहिले. २०२३ मध्ये बर्मिंगहॅमच्या जागतिक क्रीडास्पर्धेत भारतीय मुलींनी सुवर्णपदक मिळवले. नोव्हेंबर २०२५ मध्ये दृष्टिहीन महिलांचा पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक झाला आणि कोलंबोत नेपाळला हरवून भारताने तो जिंकला. कर्णधार दीपिका टी. सी. कर्नाटकची, उपकर्णधार गंगा कदम महाराष्ट्राची.

कामकरी मुलांचा अनुभव वेगळ्या अंगाने बोलका आहे. ‘द कन्सर्न्ड फॉर वर्किंग चिल्ड्रेन’ ही बंगळूरची संस्था १९८० पासून हॉटेल-गॅरेजांत आणि घरकामात राबणाऱ्या मुलांत काम करू लागली. १९९० मध्ये या मुलांची ‘भीम संघ’ ही स्वतःची संघटना झाली. मुलांच्या कामावर सरसकट बंदी घालण्यापेक्षा मुलांचे म्हणणे ऐकून पर्याय उभे करा, ही तिची भूमिका. त्यावर कडवट वाद झाला. शेजारच्या आंध्रात एम. व्ही. फाउंडेशनसारख्या संस्था एकही मूल कामावर नको, प्रत्येक मूल शाळेत हवे, असे ठामपणे मांडत होत्या. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि शाळेचा आग्रह धरणाऱ्यांची बाजू कमकुवत मुळीच नाही. परंतु युवाकार्याच्या रचनेबद्दल भीम संघाने जे दाखवले ते दोन्ही बाजूंना उपयोगी पडावे. बैठक केव्हा घ्यायची, हे ज्याला सुट्टी सर्वांत कमी त्याने ठरवायचे.

१९९० च्या दशकाच्या मध्यापासून याच संस्थेने कुंदापूर तालुक्यातल्या खेड्यांत ‘मक्कळ पंचायत’, म्हणजे मुलांनी मुलांतून निवडलेली पंचायत, रुजवली. तिथे मुलींसाठी, कामकरी मुलांसाठी, अपंग मुलांसाठी जागा राखल्या गेल्या, आणि मोठ्यांच्या ग्रामपंचायतीने या मुलांचे म्हणणे ऐकायचे अशी व्यवस्था झाली. कुंदापूरसारख्या पावसाळी मुलखात ओढ्यावरचा साकव वाहून गेला की शाळा तुटते. मोठ्यांच्या सभेत हा प्रश्न वर येत नाही, कारण मोठी माणसे पाण्यातून जाऊ शकतात. पुढे कर्नाटकात मुलांच्या ग्रामसभा सरकारी आदेशाने भरू लागल्या. आदेशाने भरणाऱ्या सभेत मुलांना भाषणे ऐकवून चॉकलेट वाटायचा धोका असतो, तो काही गावांत खराही झाला. राखीव जागेला उत्तर देणारे कोणी समोर बसवले नाही तर ती जागा शोभेची होते.

शहरात वेळेचा प्रश्न अधिक अवघड आहे. पीण्या किंवा बोम्मसंद्र भागातल्या कापड कारखान्यात काम करणारी अठरा-वीस वर्षांची मुलगी सहा दिवस कामावर असते. रविवारी धुणे, बाजार आणि झोप. परराज्यांतून प्रशिक्षण देऊन आणलेल्या मुलींच्या हॉस्टेलांत तर बाहेर पडण्यावर कडक बंधने असतात. व्यक्तिमत्त्व विकासाचे तीन दिवसांचे शिबिर या मुलीसाठी नाहीच. तिच्यासाठी उपयोगी पडते ते हॉस्टेलच्या गच्चीवर रविवारी दुपारी दीड तासाचे सत्र, आणि तेही वॉर्डनशी आधी महिनोन् महिने बोलून मिळवलेले. निधी देणाऱ्याला हे बोलणे दिसत नाही. अहवालात ‘एकूण सत्रे’ हा आकडा लहान दिसतो.

तृतीयपंथी आणि लिंगभाव वेगळा असलेल्या तरुणांसाठी कायदा शहराच्या पुढे गेला आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची ओळख मान्य केली, २०१९ मध्ये कायदा झाला, आणि २०२१ मध्ये सरकारी नोकरभरतीत त्यांच्यासाठी एक टक्का जागा राखणारे कर्नाटक हे पहिले राज्य ठरले. त्यामागे १९९९ पासून बंगळूरात काम करणाऱ्या ‘संगमा’सारख्या संस्थांची न्यायालयीन लढाई होती. मात्र आरक्षणाच्या जागेला दहावी-बारावी लागते, आणि यांतले कितीतरी जण चिडवाचिडवीने आठवी-नववीतच शाळा सोडून, पुढे घरही सोडून गेलेले असतात. म्हणून त्यांच्यासाठीचा खरा युवा उपक्रम बहुधा मुक्त विद्यालयाच्या परीक्षेपासून सुरू होतो. निवासी शिबिरात प्रश्न आणखी साधे असतात. झोपायची खोली कोणती, स्वच्छतागृह कोणते, हजेरीपटावर नाव कोणते. हजेरीला कागदोपत्रीचे जुने नाव मोठ्याने पुकारले गेले की तो तरुण दुसऱ्या दिवशी येत नाही. अर्जात ‘हाक मारायचे नाव’ असा रकाना ठेवायला काही खर्च येत नाही, आणि तो रकाना सर्वांसाठी असला की कोणा एकाकडे बोट दाखवले जात नाही.

भाषेची व्यवस्था बंगळूरात सर्वांत सोपी मानली जाते आणि सर्वांत जास्त तिथेच चुकते. मिश्र गट दिसला की प्रशिक्षक इंग्रजीत शिरतो. मग इंग्रजी शाळेतली दोन-तीन मुले बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. हिंदीत बोलले तर तमिळ आणि कन्नड मुले मागे पडतात, आणि या शहरात हिंदीचा आग्रह हा राजकीय विषयही आहे. जमलेली रीत अशी: सूचना कन्नडमध्ये, छोट्या गटांत ज्याची त्याची भाषा, आणि गटाचे म्हणणे मोठ्या गटासमोर मांडायला दोन भाषा येणारा मुलगा. वस्तीत अशी मुले मुबलक असतात. घरी दखनी, गल्लीत तमिळ, शाळेत कन्नड बोलणारी बारा वर्षांची मुलगी एरवी अभ्यासात ‘कच्ची’ गणली जाते. इथे तिच्याशिवाय सत्र पुढे सरकत नाही. याला वेळ दुप्पट लागतो. दोन तासांच्या सत्रात चार खेळ घ्यायचे ठरवले असतील तर दोनच होतात, आणि ते आधीच मान्य केलेले बरे.

कर्णबधिर तरुणांसाठी मात्र अशी जुगाडू व्यवस्था चालत नाही, प्रशिक्षित दुभाषी लागतो. भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र दिल्लीत २०१५ मध्ये उभे राहिले आणि २०२१ पर्यंत त्याचा शब्दकोश दहा हजार शब्दांवर गेला, तरी दुभाषांची टंचाई कायम आहे. एकच दुभाषी दिवसभर राबवला की दुपारनंतर त्याचे हात आणि डोके दोन्ही थकतात, म्हणून जोडी हवी. दुभाषी उजेडात उभा हवा, आणि प्रशिक्षकाने फळ्याकडे तोंड करून बोलता कामा नये. सहभागींमध्ये एकच कर्णबधिर तरुण असला तर दुभाषी देऊनही तो एकटाच राहतो. तीन-चार जण असले तर इतर मुले चहाच्या सुट्टीत खुणा शिकायला लागतात.

उपक्रमाचा परिणाम मोजतानाही कोणी वगळले जाते का, हा प्रश्न उशिरा विचारला गेला. १९९९ मध्ये विशाल तलरेजा आणि मित्रांनी बंगळूरात सुरू केलेली ‘ड्रीम अ ड्रीम’ ही संस्था खेळ आणि कला यांतून वंचित मुलांना जीवनकौशल्ये देते. तिच्या कामातून तयार झालेली आणि २०१४ मध्ये शोधनिबंधातून प्रसिद्ध झालेली मापनपट्टी पाच गोष्टी पाहते: इतरांशी मिसळणे, अडचणीवर मात करणे, पुढाकार घेणे, भांडण हाताळणे, आणि सूचना समजून त्या पाळणे. पट्टी सुटसुटीत आहे. प्रश्नपत्रिका सोडवायला लावण्याऐवजी मुलाच्या वागण्याचे निरीक्षण करून ती भरली जाते, त्यामुळे लिहिता न येणारे मूल मागे पडत नाही. पण अशी कोणतीही पट्टी वापरताना निरीक्षकाच्या डोळ्यांवर बरेच अवलंबून असते. कर्णबधिर मुलगा ओरडून दिलेली सूचना पाळत नाही, स्वमग्न मुलगी गटात मिसळत नाही, परगावाहून कालच आलेला मुलगा भाषेअभावी पुढाकार घेत नाही. तिघांचे गुण कमी पडतात, आणि उणीव सूचना देणाऱ्याची असते. म्हणून जाणकार कार्यकर्ते कमी गुणांचा तक्ता आधी स्वतःच्या सत्राचा तक्ता म्हणून वाचतात.

शेवटी प्रश्न कार्यकर्ता कोण, इथे येतो. वस्तीत घडलेला तरुणच पुढे प्रशिक्षक झाला तर वेळ, भाषा, रस्ता, घरची अडचण या गोष्टी त्याला सांगाव्या लागत नाहीत. बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या सहकार्याने चालणाऱ्या राज्य सरकारच्या ‘युवा स्पंदन’ या तरुणांच्या मार्गदर्शन योजनेतले ‘युवा परिवर्तक’ हे क्षेत्रीय कार्यकर्ते याच विचारातून नेमलेले आहेत. मात्र अशा कार्यकर्त्याला मानधनावर ठेवून व्यवस्थापनाच्या जागा इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी राखल्या की संस्थेतच दोन वर्ग पडतात, आणि मुले ते ताबडतोब ओळखतात. अंदाजपत्रकातही हेच दिसते. दुभाषी, उतार, रिक्षाभाडे, सोबतीला येणाऱ्या आईचे जेवण, दृष्टिहीन मुलासाठी ब्रेलमधले साहित्य हे खर्च ‘इतर’ या सदरात टाकले की निधी कमी पडताच पहिली कात्री तिथे लागते. अनुभवी संस्था ते खर्च प्रत्येक उपक्रमाच्या मूळ खर्चात धरतात, कोणी अपंग तरुणाने नाव नोंदवले असो वा नसो. जिथे उतार आधीपासून असतो तिथे असे तरुण पुढच्या वर्षी येऊ लागतात. आधी ते येतील मग उतार बांधू, असे म्हणणाऱ्यांकडे नोंदणी शून्यच राहते आणि तोच आकडा पुढे उतार न बांधण्याचे कारण म्हणून दाखवला जातो.